भयपट, बॉक्सिंग, संगीतपट आणि अंतराळ: रॉबर्ट वाइज यांची कारकीर्द संकलनाच्या टेबलावरून पाहताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मालिकांवर सहायक संकलक म्हणून काम करतो. पुढे दिग्दर्शन करायचं आहे. जो तो सांगतो, सुरुवातीलाच एक जॉनर (चित्रपटाचा प्रकार) धर, नाहीतर ओळख होत नाही. पण 'द साउंड ऑफ म्युझिक' करणाऱ्या रॉबर्ट वाइज यांनीच 'द हाँटिंग' हा भयपट केला आणि 'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपटही केला, हे कळल्यावर गोंधळलो. एकाच माणसाला हे सगळं कसं जमलं? आज तसं करता येईल का?"

आधी एक गैरसमज दूर करू. वाइज यांनी अष्टपैलू व्हायचं ठरवून काही केलं नव्हतं. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांतले बरेचसे विषय दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या हातात ठेवलेले होते. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये बहुतेक दिग्दर्शक स्टुडिओचे पगारी नोकर असत. सोमवारी वेस्टर्न संपला की पुढच्या सोमवारी खूनखराबा, असं काम येई. मग खरा प्रश्न असा की त्याच पगारावरचे कितीतरी दिग्दर्शक आज कुणाला आठवतही नाहीत, आणि या माणसाने मात्र जवळजवळ प्रत्येक प्रकारात एखादा तरी टिकाऊ चित्रपट दिला, तो कशाच्या जोरावर? माझं उत्तर आहे, संकलनाच्या, आणि त्याहीपेक्षा ध्वनीच्या. मी स्वतः संकलक, त्यामुळे हे उत्तर माझ्या सोयीचं आहे हे तुम्ही म्हणालच. पण पुरावा पडद्यावर आहे, तो तपासून बघा.

वाइज यांचा जन्म १९१४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या विंचेस्टर या लहान गावातला. पत्रकार व्हायचं म्हणून फ्रँकलिन कॉलेजात गेले, पण महामंदीत घरच्यांना फी झेपेना, आणि १९३३ मध्ये शिक्षण सुटलं. थोरला भाऊ हॉलिवूडमध्ये आरकेओ स्टुडिओच्या हिशेब खात्यात होता. त्याच्या ओळखीने तिथे चिकटले. काम काय, तर फिल्मचे डबे इकडून तिकडे न्यायचे. तिथून ध्वनी विभागात, आणि मग विल्यम हॅमिल्टन या संकलकाच्या हाताखाली. फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या नृत्यपटांच्या ध्वनीवर त्यांनी काम केलं. बुटांचे आवाज गाण्याच्या ठेक्यात बसवताना एक फ्रेम इकडची तिकडे झाली तर काय होतं, हे ज्याने कानाने शिकून घेतलं, त्याला पुढे संगीतपट 'वेगळा प्रकार' वाटला नसेल, यात नवल नाही.

१९३९ पासून ते स्वतंत्र संकलक झाले. 'सिटिझन केन' (१९४१) त्यांच्याकडे आला तेव्हा त्याचे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स पंचविशीचे आणि वाइज त्यांच्याहून एखाद्याच वर्षाने मोठे. त्या चित्रपटातला बातमीपट आठवतो? तो खरोखरच जुन्या रिळांतून काढल्यासारखा दिसावा म्हणून वाइज आणि त्यांचे सहायक मार्क रॉबसन यांनी फिल्म जमिनीवर घासली, वाळूतून ओढली. संकलनासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. न्याहारीच्या टेबलावर एक लग्न काही मिनिटांत कसं विरत जातं, तो प्रसंग तुम्ही संकलन शिकताना नक्की पाहिला असेल. ती लय बसवायला फार वेळ लागला होता.

आता जिथे थोडं थांबायला हवं तिथे येते. वेल्स यांचा दुसरा चित्रपट, 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' (१९४२). चित्रीकरण संपलं आणि वेल्स दुसऱ्या प्रकल्पासाठी ब्राझीलला गेले. मागे राहिले वाइज आणि दोन तास दहा मिनिटांच्या पुढचा एक उदास, संथ चित्रपट. मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे प्रेक्षकांसमोर त्याचा चाचणी खेळ झाला. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला अवघे काही महिने झाले होते, आणि तरुण प्रेक्षक गंभीर प्रसंगांना हसले. स्टुडिओ घाबरला. तारा आल्या-गेल्या, वेल्स यांच्या लांबलचक सूचना दक्षिण अमेरिकेतून येत राहिल्या, पण चित्रपट कापायचं काम शेवटी वाइज यांच्याच टेबलावर आलं. ८८ मिनिटांची आवृत्ती निघाली. काही प्रसंग नव्याने चित्रित करावे लागले. त्यांतले काही वाइज यांनी स्वतः केले, म्हणजे दिग्दर्शक म्हणून त्यांनी कॅमेऱ्यामागे उभं राहून केलेलं पहिलं काम हे दुसऱ्याच्या चित्रपटाला ठिगळ लावायचं. संगीतकार बर्नर्ड हरमन यांनी श्रेयनामावलीतून आपलं नाव काढून घेतलं. कापलेली निगेटिव्ह पुढे नष्ट करण्यात आली, आणि मूळ चित्रपट आज जगात कुठे असल्याचा पत्ता नाही.

सिनेप्रेमींच्या एका गटाने यासाठी वाइज यांना कधीच माफ केलं नाही. मला विचाराल तर पगारी संकलकाला त्या खुर्चीत बसवून 'तू नकार द्यायला हवा होतास' म्हणणं सोपं आहे. तो उठला असता तर दुसरा कुणी बसला असता, आणि त्या दुसऱ्याला कदाचित चित्रपट समजलाच नसता. पण वाइज निर्दोष होते असंही मी म्हणणार नाही. स्टुडिओचं म्हणणं त्यांना पटलं होतं, आणि पुढेही अनेक वर्षं ते आपल्या कामाचं समर्थन करत राहिले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा स्वभाव इथेच दिसतो. प्रेक्षक खुर्चीत कुठे चुळबुळ करतो याकडे ते पहिलं लक्ष देत, आपली सही कुठे दिसते याकडे नंतर.

दिग्दर्शन मिळालं तेही अशाच आडवाटेने. आरकेओमध्ये व्हॅल ल्यूटन नावाचे निर्माते स्वस्तातले भयपट काढायचे. दीड लाख डॉलरच्या आतला खर्च, सव्वा तासाच्या आतली लांबी, आणि नाव स्टुडिओने आधीच ठरवून दिलेलं. 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' (१९४४) या चित्रपटाचं संकलन वाइज करत होते. मूळ दिग्दर्शक वेळापत्रकात फार मागे पडले, त्यांना काढलं, आणि ल्यूटन यांनी संकलकालाच सेटवर पाठवलं. नावावरून वाटतं मांजरीचा भुताटकीपट. प्रत्यक्षात ती एका एकट्या पडलेल्या मुलीची आणि तिच्या काल्पनिक मैत्रिणीची गोष्ट आहे. मला तो चित्रपट आजही फार आवडतो.

लगोलग 'द बॉडी स्नॅचर' (१९४५). बोरिस कार्लॉफ एक घोडागाडीवाला, जो वैद्यकीय महाविद्यालयाला प्रेतं पुरवतो. यातला एक प्रसंग मी शिकणाऱ्यांना नेहमी दाखवते. रस्त्यावर गाणं म्हणणारी एक मुलगी गात गात अंधाऱ्या गल्लीत शिरते. मागून कार्लॉफची गाडी त्याच अंधारात जाते. कॅमेरा जागचा हलत नाही. पडद्यावर फक्त काळोख, आणि गाणं चालू. मग एका शब्दावर गाणं तुटतं. बस. एक थेंब रक्त नाही, किंकाळी नाही. हा प्रसंग लिहिताना लेखकाने काहीही लिहिलेलं असो, तो घडला आहे साउंड ट्रॅकवर. ज्याची सुरुवात ध्वनी विभागात झाली नाही, त्याने इथे मुलीचा चेहरा दाखवला असता.

मग 'द सेट-अप' (१९४९). माझ्या मते हा त्यांचा सर्वांत दाट विणीचा चित्रपट, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. पस्तिशीतला, उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा स्टोकर. आजची लढत त्याने हरावी म्हणून मॅनेजरने पैसे घेतलेत, पण स्टोकरला सांगितलेलंच नाही, कारण तो हरणारच हे मॅनेजरने गृहीत धरलंय. चित्रपट ७२ मिनिटांचा आणि गोष्टही तेवढ्याच वेळात घडते. सुरुवातीला चौकातल्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झालेली असतात, आणि तिथून पुढे पडद्यावरचं एक मिनिट म्हणजे स्टोकरच्या आयुष्यातलं एक मिनिट. संकलकाला यातली अडचण लगेच कळेल. वेळ गाळायची सोय नाही, फेड करून (दृश्य काळोखात विरवून) पुढच्या दिवशी उडी मारायची सोय नाही. ताण निर्माण करायचा तो फक्त कुठे बघायचं हे बदलून.

म्हणून लढतीच्या वेळी ते रिंगणाबाहेर बघतात. एक लठ्ठ माणूस सतत काहीतरी खातोय. एकजण कानाला रेडिओ लावून बेसबॉलचा सामना ऐकतोय. एक आंधळा प्रेक्षक शेजाऱ्याकडून लढतीचं वर्णन ऐकून पेटतोय. एका बाईचं तोंड दर राउंडला अधिक हिंस्र होत जातं. ठोसे खाणारा स्टोकर आणि हे चेहरे यांची अदलाबदल इतकी नेमकी आहे की शेवटी मारतंय कोण हेच कळेनासं होतं. लढत एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली, कारण टेबलावर काय लागणार हे आधीच डोक्यात होतं. नायक रॉबर्ट रायन कॉलेजात असताना खरोखर बॉक्सिंग करायचे, हेही कामी आलं. कान महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. मार्टिन स्कोर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकाने पुढे या चित्रपटावर भरभरून बोलावं, यात सगळं आलं.

एक काळी बाजूही सांगते. ज्या दीर्घ कवितेवरून हा चित्रपट घेतला, तिच्यातला योद्धा कृष्णवर्णीय आहे. चित्रपटात तो गोरा झाला. त्या काळचा स्टुडिओ कृष्णवर्णीय नायकाला मुख्य भूमिका द्यायला तयार नसे. दहा वर्षांनी वाइज यांनी कृष्णवर्णीय गायक-अभिनेते हॅरी बेलाफाँटे यांच्या कंपनीसाठी 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' (१९५९) केला. तिघेजण बँक लुटायला निघतात आणि त्यांच्यातला वंशद्वेषच त्यांचा घात करतो. द्वेष करणारा गोरा पुन्हा रॉबर्ट रायन. हा 'सेट-अप'चा हिशेब चुकता करणं होतं का, मला माहीत नाही, पण दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिल्यावर विचार मनात येतोच.

पन्नासच्या दशकात त्यांनी सर्वांत जास्त प्रकार हाताळले. 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' (१९५१) हा परग्रहावरच्या पाहुण्याचा चित्रपट त्यांनी बातमीपटासारखा साधा ठेवला. वॉशिंग्टनचे खरे रस्ते, रेडिओवरचे खरे वृत्तनिवेदक, आणि त्या सगळ्यात फक्त एक तबकडी आणि एक यंत्रमानव. जगभरची वीज अर्धा तास बंद पडते, त्या प्रसंगात वेगवेगळ्या शहरांतली थांबलेली यंत्रं एकामागोमाग येतात. हे सरळसरळ संकलकाचं काम. संगीत बर्नर्ड हरमन यांचं, तेच ज्यांनी 'अँबरसन्स'वरून नाव काढून घेतलं होतं. म्हणजे त्या रागानंतरही दोघं पुन्हा एकत्र बसले. याच विषयाला दुसऱ्या कुणी अद्भुतरम्य रूप दिलं असतं. वाइज यांनी उलट केलं. विषय जितका अशक्य, तितकी मांडणी रोजच्या जगण्यातली, आणि हे सूत्र त्यांनी पुढे 'द अँड्रोमिडा स्ट्रेन'पर्यंत (१९७१) सोडलं नाही.

'एक्झिक्युटिव्ह स्वीट' (१९५४) एका फर्निचर कंपनीच्या संचालकांच्या सत्तास्पर्धेवर, पार्श्वसंगीताशिवाय. 'समबडी अप देअर लाइक्स मी' (१९५६) पुन्हा बॉक्सिंग, पण चरित्रपट, आणि पॉल न्यूमन यांना खरी ओळख देणारा. 'रन सायलेंट, रन डीप' (१९५८) पाणबुडीतला. मधे 'हेलन ऑफ ट्रॉय'सारखे फसलेलेही आहेत. ते वगळले तरी काही बिघडत नाही.

'आय वाँट टु लिव्ह!' (१९५८) मात्र वगळू नका. बार्बरा ग्रॅहम या स्त्रीला १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात विषारी वायूच्या कोठडीत मृत्युदंड दिला गेला होता. वाइज यांनी चित्रपटाआधी त्या तुरुंगात जाऊन एक प्रत्यक्ष मृत्युदंड पाहिला. चित्रपटाच्या शेवटच्या भागात ते काय दाखवतात, तर तयारी. नळ्या तपासणं, आम्ल मोजून ओतणं, दार बंद होतं का ते पाहणं, टेलिफोनची वाट पाहणं. कर्मचारी आपलं काम चोख करतायत आणि त्या चोखपणानेच आपला घास अडकतो. सुसान हेवर्ड यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. बघा, बॉक्सिंगचा रिंग असो की फाशीघर, वाइज विषयाकडे जाताना पहिला प्रश्न विचारतात तो 'इथे लोक हाताने नेमकं काय करतात?' असा. ड्रेसिंग रूममध्ये पट्टी कशी बांधतात, प्रयोगशाळेत कपडे कसे बदलतात, जहाजाचं इंजिन कसं चालवतात. एकदा हे कळलं की काय चित्रित करायचं हे कळतं, आणि किती मिनिटं दाखवायचं हे संकलकाच्या कानाला आपोआप कळतं.

'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मूळ रंगभूमीवरचं, आणि नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांचं अपत्य. चित्रपटाला दोन दिग्दर्शक होते. नाच रॉबिन्स यांच्याकडे, बाकी वाइज यांच्याकडे. रॉबिन्स परिपूर्णतेच्या मागे लागून तालमी आणि रिटेक वाढवत गेले, खर्च हाताबाहेर गेला आणि त्यांना मधेच दूर केलं गेलं. तरी दिग्दर्शनाचं ऑस्कर दोघांना विभागून मिळालं, असं पहिल्यांदाच घडलं. एकूण ऑस्कर दहा. अडचण होती ती सुरुवातीची. रंगमंचावर टोळीतली पोरं नाचली तर चालतं, पण खऱ्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, खऱ्या विटांसमोर नाचायला लागली तर प्रेक्षक हसणार. वाइज यांनी शहर सरळ वरून दाखवलं, हेलिकॉप्टरमधून खाली बघत, जसं तोवर कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. शहर नकाशासारखं, थोडं अनोळखी झालं. मग खाली येऊन चुटक्यांचा आवाज, चालणं, एक उडी, पुन्हा चालणं. नाच हळूहळू चालण्यातून उगवतो. कट कुठे येतात ते म्यूट करून आणि मग आवाजासह, असं दोनदा पाहा. पोर्तो रिकोच्या मुलीच्या भूमिकेत नॅटली वुड आणि इतरांच्या चेहऱ्यांवर चढवलेला गडद रंग, हे आज बघवत नाही हेही खरं.

यानंतर कुणीही दुसरा संगीतपट शोधला असता. वाइज इंग्लंडला गेले आणि 'द हाँटिंग' (१९६३) केला, तोही कृष्णधवल. ल्यूटन यांच्याकडे घेतलेल्या शिक्षणाची ही परतफेड. पछाडलेला वाडा, चार माणसं, आणि भूत एकदाही दिसत नाही. लेन्स बनवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीकडे तेव्हा एक अतिशय रुंद लेन्स तयार होत होती, पण तिच्यात कडा वाकड्या दिसण्याचा दोष होता. वाइज यांनी ती मागितली. कंपनीने लेन्स सदोष असल्याचं मान्य करणाऱ्या कागदावर त्यांची सही घेऊन मग दिली. त्यांना वाकड्या भिंतीच हव्या होत्या. आणि आवाज! दारावरचे ठोके, भिंतीपलीकडचं पुटपुटणं आधी ध्वनिमुद्रित करून सेटवर वाजवलं जाई, म्हणजे नट खरोखर ऐकून दचकत. आपल्याकडे नटाला 'इथे तू आवाज ऐकतोस' असं सांगून मोकळं होतात आणि आवाज पोस्टमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर, टाकतात. मग नट घाबरतो एका जागी आणि ठोका पडतो दुसऱ्या जागी, आणि ते फ्रेमा सरकवून जुळवायचं काम तुमच्या-माझ्या गळ्यात.

'द साउंड ऑफ म्युझिक'ची (१९६५) गंमत अशी की तो त्यांनी सुरुवातीला नाकारला होता. फार गोडमिट्ट वाटला. विल्यम वायलर करणार होते, ते बाहेर पडले. वाइज यांचा आवडता प्रकल्प, 'द सँड पेबल्स', लांबणीवर पडला, आणि मधल्या रिकाम्या वेळात त्यांनी हा घेतला. रिकाम्या वेळात घेतलेल्या या चित्रपटाने 'गॉन विथ द विंड'चा कमाईचा विक्रम मोडला, 'क्लिओपात्रा'च्या खर्चाने खंगलेल्या फॉक्स स्टुडिओला वर काढलं आणि पाच ऑस्कर मिळवली. पटकथाकार अर्नेस्ट लेहमन आणि वाइज यांनी साखर कमी करायचा खूप प्रयत्न केला, कॅप्टनच्या पात्राला जरा धार दिली. कमी झाली का, यावर घरोघरी मतभेद असतील. पण 'डो-रे-मी' हे गाणं संकलक म्हणून बघा. गाणं एक, शहर अख्खं साल्झबुर्ग. ओळ एका टेकडीवर सुरू होते आणि दुसऱ्या पुलावर पूर्ण होते, कपडे बदलतात, दिवस जातात, आणि मुलं गाणं 'शिकतात' ती त्या कटांमध्येच. आपल्या गाण्यांच्या चित्रीकरणात जागा बदलणं नवं नाही, पण बहुतेकदा ते नुसतं सजावटीचं असतं. इथे गाणं सुरू होताना मुलं अनोळखी असतात आणि संपताना त्यांना शिकवायला आलेल्या मारियाची झालेली असतात.

'द सँड पेबल्स' (१९६६) नंतर तैवान आणि हाँगकाँगमध्ये झाला, चित्रीकरण अनेक महिने लांबलं. स्टीव्ह मॅक्वीन यांचं ऑस्करसाठीचं एकमेव नामांकन त्यातलं. त्यानंतर उतार. 'स्टार!' (१९६८) हा जूली अँड्र्यूज यांच्यासोबतचा दुसरा संगीतपट साफ आपटला, आणि स्टुडिओने तो कापून, नवं नाव देऊन पुन्हा बाजारात आणला. ज्याने एकदा 'अँबरसन्स'ला कात्री लावली होती, त्याच्या चित्रपटाला आता दुसऱ्या कुणीतरी कात्री लावली. यावर मी काही बोलत नाही.

'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' (१९७९) तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, पण उलट्या कारणाने. प्रदर्शनाची तारीख, ७ डिसेंबर, आधीच ठरलेली आणि न हलणारी. दृश्य-परिणामांचं काम पहिल्या कंपनीकडून जमेना, ते काढून दुसऱ्यांना दिलं, आणि शॉट शेवटच्या घटकेपर्यंत येत राहिले. प्रेक्षकांसमोर चाचणी खेळ झालाच नाही. प्रिंट ओली असतानाच प्रीमियरला गेली म्हणावं अशी परिस्थिती. ज्या दिग्दर्शकाची सारी ताकद टेबलावर बसून 'इथे प्रेक्षक कंटाळतो' हे ओळखण्यात, त्याला टेबलच मिळालं नाही. चित्रपटात यान बाहेरून बघत राहण्याचे प्रसंग संपता संपत नाहीत, ते त्यामुळे. २००१ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, त्यांनी डीव्हीडीसाठी तो पुन्हा बांधून घेतला, आणि दोन्ही आवृत्त्या शेजारी लावल्या तर शेवटच्या टप्प्यातल्या संकलनाने काय फरक पडतो याचा इतका सोपा धडा दुसरा मिळणार नाही.

आता 'ओळख' या मुद्द्याकडे. वाइज यांनी याची किंमत मोजली. चित्रपटाचा खरा लेखक दिग्दर्शक, असा विचार साठच्या दशकात जोरात आला, तेव्हा अँड्र्यू सॅरिस यांच्यासारख्या समीक्षकाने त्यांना दुय्यम रांगेत बसवलं. त्यांच्या चित्रपटांतून एकच एक माणूस दिसत नाही, हा आरोप. तो अर्धा खरा आहे. हिचकॉकची एक फ्रेम पाहून हिचकॉक ओळखता येतो, वाइज ओळखता येत नाहीत. त्यांचा हात फ्रेममध्ये नसतो, दोन फ्रेमांच्या मधल्या जागेत असतो. दिग्दर्शकांच्या संघटनेचे आणि पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे ते अध्यक्ष झाले, दिग्दर्शन आणि निर्मिती मिळून चार ऑस्कर घरी होती, २००५ मध्ये ९१ व्या वर्षी गेले, तरी सर्वसामान्य प्रेक्षकाला त्यांचं नाव माहीत नसतं. चित्रपट सगळ्यांना माहीत असतात. हा सौदा तुम्हाला चालणार असेल तरच या वाटेने जा. काहींना चालत नाही, आणि त्यात वाईट काही नाही.

'आज तसं करता येईल का?' त्या पद्धतीने नाही. कायम पगार देऊन वर्षाला दोन वेगवेगळे चित्रपट करायला लावणारा स्टुडिओ उरलेला नाही, आणि निर्माता पहिल्या चित्रपटाच्या यशावरून दुसरा तसाच मागतो. तुम्हाला सल्ला देणारे म्हणूनच 'जॉनर धर' म्हणतात. बाजारापुरतं ते बरोबर आहे. पहिला चित्रपट विकायला एखादी पाटी लागते. पण संकलनातून दिग्दर्शनात जाण्याची वाट आपल्याकडेही जुनी आहे. हृषिकेश मुखर्जी बिमल रॉय यांच्याकडे संकलक होते. राजकुमार हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून आले आणि अजून स्वतःचे चित्रपट स्वतः कापतात.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मालिकांच्या टेबलावर तुम्ही सकाळी सासू-सुनेचा भाग लावता, दुपारी पौराणिक, रात्री गुन्हेगारीचा प्रोमो. आरकेओच्या त्या खोलीत वाइज यांच्यापुढे नेमकं हेच येत होतं. फरक इतकाच की प्रत्येक रिळाकडे ते 'हे असं का चालत नाही?' म्हणून बघत, आणि आपण एअर टाइम गाठायचा म्हणून बघतो. तेव्हा जॉनर कुठला हे ठरवायची घाई नको. सहा महिने ध्वनीच्या माणसाकडे जाऊन बसा, फोली (पावलं, दारं असे आवाज नव्याने मुद्रित करणं) आणि मिक्सिंग चालू असताना. कॅमेऱ्याकडे नंतर जाता येईल. एखाद्या दिग्दर्शकाला पॅचवर्कच्या, म्हणजे राहिलेले शॉट भरून काढायच्या, शूटला संकलन खात्यातलं कुणी हवं असलं की हात वर करा. तुम्हाला काय कमी पडलंय हे सेटवर तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि वाइज यांचा कॅमेऱ्यामागचा पहिला दिवसही असाच उजाडला होता.

बघायला सुरुवात 'द सेट-अप'पासून करा, मग 'द बॉडी स्नॅचर', मग 'द हाँटिंग'. 'साउंड ऑफ म्युझिक' तुम्ही पाहिलेला आहेच, तो शेवटी पुन्हा बघा. यादीत 'रूफटॉप्स' (१९८९) राहिला तरी चालेल.